दिवसभर डोक्यात जेवणच का? तरुण मुलींच्या खाण्याच्या त्रासाबद्दल

दादरला पश्चिमेला उतरून कॉलेजकडे चालत जाणाऱ्या दोन मुली घ्या. दोघी एकोणीस वर्षांच्या, एकाच वर्गातल्या. पहिलीला संध्याकाळी विचारलं, सकाळी वाटेत काय काय दिसलं, तर ती सांगेल: फुलबाजारातली गर्दी, कुणाचा तरी छान कुर्ता, समोरून निघून गेलेली बस. दुसरी सांगेल: छबिलदासच्या गल्लीतल्या वड्यांचा वास, कोपऱ्यावर कुणीतरी पावावर लावत असलेली चटणी, पुढे चालणाऱ्या बाईंच्या पिशवीतून डोकावणारा फरसाणाचा पुडा. यातलं तिने काहीच खाल्लेलं नसेल. सकाळी घरातूनही ती नुसता चहा पिऊन निघालेली असेल.

रस्ता तोच, पण लक्ष वेगळीकडे गेलं. तरुण मुलींमधले खाण्याचे विकार समजून घ्यायचे तर वजनाच्या काट्यापेक्षा या लक्षापासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. वजन उशिरा बोलतं, आणि पुष्कळदा बोलतच नाही.

मी कॉलेजमधल्या मुलींचं समुपदेशन करते. खाण्याबद्दल बोलायला म्हणून फारच कमी जणी येतात. येतात त्या अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून. पानंच्या पानं वाचून काही डोक्यात शिरत नाही, लेक्चर चालू असताना मनात दुपारच्या डब्याचा हिशेब चालू असतो, रात्री झोपेआधी तासभर रेसिपीचे रील्स बघितले जातात. जरा पुढे विचारलं की कळतं, दोन-तीन महिन्यांपासून डाएट चालू आहे. आणि मग मान खाली घालून विचारतात, "मॅडम, मी हावरट आहे का हो?"

नाही. खाणं कमी पडलं की मेंदू नेमकं हेच करतो. कसं ते बघू.

आपल्या आजूबाजूला एका वेळी इतकं काही घडत असतं की मेंदूला त्यातलं थोडंच निवडता येतं. लोकलमध्ये आपण गप्पांत रंगलेलो असतो, स्टेशनांच्या घोषणा एकामागून एक होत असतात आणि एकही ऐकू येत नाही. आपल्या स्टेशनचं नाव आलं की मात्र कान टवकारतात. आपण ते ठरवून ऐकलेलं नसतं. जे आपल्या गरजेचं आहे ते मेंदूने परस्पर पुढे आणलेलं असतं. लक्ष आपण कुठे लावतो हा एक भाग, आणि लक्ष कुठे ओढलं जातं हा दुसरा. भूक या दुसऱ्या भागावर काम करते.

त्यामागे शरीरातले निरोपे आहेत. जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक सुटतं. त्याचा शोध १९९९ मध्ये लागला. जेवणाची वेळ जवळ आली की ते वाढतं, जेवलं की उतरतं. चरबीच्या पेशींतून लेप्टिन सुटतं, जे १९९४ मध्ये सापडलं. शरीरात साठा किती आहे हे ते मेंदूला कळवतं. बरेच दिवस कमी खाल्लं तर लेप्टिन घसरतं, घ्रेलिन चढं राहतं, आणि मेंदू टंचाईच्या कारभाराला लागतो: ऊर्जा वाचवायची, पाळी थांबवायची, अंग गार ठेवायचं आणि सगळं लक्ष अन्न शोधण्यावर लावायचं. ही टंचाई दुष्काळाने आली की डाएटच्या ॲपने, हे मेंदूला कळत नाही.

हे ओढलं जाणारं लक्ष मोजताही येतं. एक पद्धत अशी: पडद्यावर शेजारी शेजारी दोन चित्रं दाखवतात, एक समोशाचं, एक छत्रीचं. क्षणात दोन्ही नाहीशी होतात आणि त्यांतल्या एकाच्या जागी ठिपका येतो. ठिपका दिसताच बटण दाबायचं. ठिपका समोशाच्या जागी आल्यावर एखादी जास्त पटकन बटण दाबत असेल, तर तिची नजर आधीच तिकडे गेलेली होती. दुसरी पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये मांडलेल्या चाचणीवरून आली. शब्द वेगवेगळ्या रंगांत छापलेले असतात, शब्द वाचायचा नाही, फक्त रंग सांगायचा. शब्द मनाला टोचणारा असला की रंग सांगायला जीभ अडखळते. खाण्याचा विकार असलेल्या अनेक जणींना 'लोणी', 'पोट', 'जाड' अशा अर्थाच्या शब्दांचा रंग सांगायला जास्त वेळ लागतो.

हे फरक सेकंदाच्या छोट्या अंशांचे असतात आणि सगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे येत नाहीत. नजरेचा माग घेणाऱ्या यंत्रांवर काही जणींची नजर पदार्थावर खिळते, काही जणी ती मुद्दाम वळवतात. पण भुकेल्या माणसाचं लक्ष अन्नाकडे जास्त ओढलं जातं, हे विकार नसलेल्या माणसांतही दिसतं. सगळ्यात ठसठशीतपणे ते एका जुन्या प्रयोगात दिसलं, त्यामुळे त्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी युरोपात लाखो लोक उपाशी होते. त्यांना पुन्हा खायला कसं घालावं हे समजावं म्हणून अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४ च्या अखेरीस एक अभ्यास सुरू केला. ३६ तरुण पुरुष स्वतःहून आले. तत्त्व म्हणून युद्धात लढायला नकार दिलेले हे लोक, शरीराने आणि मनाने धडधाकट, म्हणून पारखून निवडलेले. १९४५ मध्ये जवळजवळ सहा महिने त्यांना निम्म्याच्या आसपास जेवण दिलं गेलं: बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी असं युद्धकाळातलं साधं खाणं. कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं, आरशाशी कुणाचं भांडण नव्हतं.

तरी काय झालं पाहा. काही आठवड्यांत त्यांच्या गप्पांतून राजकारण, मैत्रिणी, पुढचे बेत सगळं हळूहळू गळालं आणि उरलं ते फक्त जेवण. माणसं पाककृतींची पुस्तकं गोळा करून रात्री वाचत बसली. ताटातलं थोडंसं जेवण खूप वेळ लावून खाऊ लागली, ताटं चाटू लागली. जेवणात कुणी लुडबुड केली तर भडकू लागली. चिडचिड वाढली, काही अगदी खचले, थंडी सहन होईना, एकटं राहावंसं वाटू लागलं. काही जणांना मधेच ताबा सुटून खाण्याचे झटके आले आणि त्यानंतर स्वतःची घृणा वाटली. भरपूर जेवण मिळू लागल्यावरही हे लगेच थांबलं नाही. कित्येक महिने पोट तुडुंब भरूनही त्यांची भूक भागेना. हे सगळं १९५० मध्ये दोन जाडजूड खंडांत छापून आलं.

आईवडील मला सांगतात, "जेवत नाही, पण सगळ्यांसाठी स्वयंपाक करते, मग हिला खाण्याचा तिटकारा कसला?" तेव्हा मी त्यांना हा प्रयोग सांगते. भावाच्या वाढदिवसाला मुलगी स्वतः केक करते, मोजून मापून, अर्धी दुपार त्यात घालवून. सगळ्यांना कापून देते, कुणी किती घेतला यावर तिची नजर असते. तिच्या हातात बशी कुणी दिली तर ती ओट्याशी जाते, फडकं घेऊन ओटा पुसायला लागते आणि म्हणते, "मी आत खाल्ला मगाशी." हा तिटकारा नाही. हा भुकेला मेंदू आहे, आणि त्या भुकेची भीती वाटणारी मुलगी आहे. नखरे म्हणून तिला रागावणं म्हणजे ताप आलेल्या मुलाला अंग गरम का म्हणून रागावण्यासारखं आहे.

मग डाएट करणाऱ्या सगळ्याच मुलींना विकार होतो का? नाही, बहुतेकींना होत नाही. विकारामागे अनुवंश असतो, काटेकोर स्वभाव असतो, चिंता असते, कधी घरातला किंवा बाहेरचा छळ असतो. पण या घटकांच्या जोडीला उपाशी राहणं आलं की चक्र सुरू होऊ शकतं. कमी खाल्लं की लक्ष अन्नावर जातं. लक्ष गेलं की मुलीला वाटतं आपला ताबा सुटतोय, म्हणून ती नियम आणखी कडक करते. नियम कडक झाले की लक्ष आणखी जातं.

यातली एक कडी १९७५ मध्ये अमेरिकेत पीटर हर्मन आणि डेबरा मॅक यांनी दाखवली. त्यांनी काही तरुणींना आधी मिल्कशेक दिला, काहींना दिला नाही, आणि नंतर चव सांगण्याच्या निमित्ताने सगळ्यांना हवं तेवढं आइस्क्रीम खाऊ दिलं. ज्या एरवी खाण्यावर बंधनं घालत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं; पोट भरलं होतं. ज्या सतत बंधनात राहत होत्या त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. आपल्या घरातली भाषा वापरायची तर, उपास मोडलाच आहे तर आता काय. संध्याकाळी फ्रीजसमोर उभं राहून काय हाताला लागेल ते खाणारी मुलगी आळशी नसते. पुष्कळदा ती सकाळपासून उपाशी असते.

विकारांची नावं थोडक्यात. ॲनोरेक्सिया नर्व्होसामध्ये खाणं खूपच आखडतं आणि वजन वाढण्याची भीती वाटते. लंडनच्या विल्यम गल यांनी १८७३ च्या सुमारास हे नाव दिलं. बुलिमिया नर्व्होसामध्ये ताबा सुटून खाणं आणि मग ते भरून काढण्यासाठी शरीराला त्रास देणं असं आवर्तन चालतं. ते वर्णन १९७९ मध्ये जेराल्ड रसेल यांनी केलं. बिंज इटिंग डिसऑर्डरमध्ये ताबा सुटून खाण्याचे प्रसंग येतात, पण नंतरची ती धडपड नसते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात त्याला २०१३ मध्ये वेगळं स्थान मिळालं. त्याच वेळी ॲनोरेक्सियाच्या निकषांतून पाळी थांबण्याची अट काढली गेली. बुलिमिया असलेल्या मुलीचं वजन अगदी नेहमीसारखं असू शकतं. अंगाने भरलेली मुलगी खूप वजन गमावून अजूनही 'ठीकठाक' दिसत असेल, तरी तिच्या हृदयावर, हाडांवर आणि मनावर तोच ताण असू शकतो. यातल्या कुठल्याच नावात नीट न बसणाऱ्या, तरी रोज कुढणाऱ्या मुली खूप आहेत.

आता आपल्या मुंबईकडे येते, कारण इथे हा त्रास लपायला जागा बऱ्याच आहेत.

पहिली जागा उपास. सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र. घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या उपास करत आल्या आहेत आणि त्यात विकार काही नाही. पण जी मुलगी पूर्वी साबुदाण्याच्या खिचडीसाठी उपास करायची, ती आता फराळही नको म्हणते आणि आठवड्यात नवे वार धरते, तिच्याकडे बघावं. "उपास आहे" म्हटल्यावर आपल्याकडे कुणी पुढे विचारत नाही.

दुसरी जागा प्रवास. पहाटे घर सोडून रात्री आठला परतणाऱ्या मुलीचं जेवण घरच्यांना दिसतच नाही. डबा धुवायला रिकामा येतो, आई समाधानी. लेडीज डब्यात पोळी-भाजी मैत्रिणींनी वाटून खाल्लेली असते, ती मात्र हसत झाकण लावत असते.

तिसरी जागा दवाखाना. चक्कर येते म्हणून मुलगी जाते, हिमोग्लोबिन कमी निघतं, लोहाच्या गोळ्या मिळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या देशातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, त्यामुळे कुणाला वेगळं काही वाटत नाही. गोळ्या द्यायलाच हव्यात, पण ती दिवसभरात काय खाते हेही विचारायला हवं. पाळी अनियमित झाली की पीसीओडीचा, म्हणजे अंडाशय आणि संप्रेरकांच्या बिघाडाचा, संशय येतो आणि सल्ला मिळतो, वजन कमी कर. पीसीओडी खरंच असलं तरी त्या मुलींमध्ये खाण्याचे विकार जास्त आढळतात, आणि म्हणून वजनाचा सल्ला देण्याआधी खाण्याशी तिचं नातं कसं आहे हे विचारावं. काही जणी तर पोटाच्या डॉक्टरांकडे फिरत राहतात: पोट फुगतं, दोन घासांत भरतं, ॲसिडिटी होते. वजन वाढण्याची भीती त्या बोलूनच दाखवत नाहीत. हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९० च्या दशकात अशा रुग्णांचं वर्णन केलं होतं, आणि भारतातल्या डॉक्टरांनीही असे रुग्ण पाहिले आहेत. मुलगी "मला जाड व्हायची भीती वाटते" असं म्हणाली नाही, म्हणजे विकार नाही, असं धरून चालू नये.

आणि चौथी जागा आपलं बोलणं. "काय गं, किती सुटलीस!" हे लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्यांदेखत म्हटलं जातं. पुढच्या वर्षी तीच मुलगी आजारी पडण्याइतकी उतरते, तेव्हा तीच मावशी म्हणते, "आता कशी छान दिसतेस!" मला या दुसऱ्या वाक्याची जास्त धास्ती वाटते. फिजी बेटांवरच्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला, आणि तीन वर्षांनी अमेरिकन संशोधक ॲन बेकर यांनी तिथल्या त्याच वयाच्या शाळकरी मुलींच्या दुसऱ्या गटाला तेच प्रश्न विचारले तेव्हा खाण्याबद्दलच्या बिघडलेल्या सवयी स्पष्ट वाढलेल्या होत्या. तिथे परंपरेने भरलेलं शरीर चांगलं मानत. तो एक साधा टीव्ही होता. आपल्या मुलींच्या हातात दिवसभर फोन आहे, आणि रेसिपीचे रील्स आणि पोट सपाट करण्याचे रील्स एकाआड एक येतात.

मग घरच्यांनी काय बघावं? वजन सोडून या गोष्टी बघाव्यात: जेवणाच्या आधी तिची चिडचिड, घरातल्यांसोबत ताटावर बसायचं टाळणं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाणं, पदार्थांचे तुकडे करत राहणं, नव्याने 'चालत नाही' अशा पदार्थांची वाढती यादी, सतत थंडी, केस गळणं, पाळी चुकणं, मैत्रिणींसोबत बाहेर जायचं टाळणं. आणि एक साधा प्रश्न विचारावा, एकांतात, सहज सुरात: "दिवसातला किती वेळ तुझ्या डोक्यात खाण्याचा विचार असतो?" वजन विचारलं की मुली मिटतात. हा प्रश्न विचारला की पुष्कळ जणी रडतात, कारण हे कुणी विचारेल असं त्यांना वाटलेलं नसतं.

बोलताना "आम्ही तुझ्यासाठी एवढं करतो आणि तू" असं सुरू करू नये. तिच्या ताटावर नजर रोखून बसू नये, पण तिला एकटीलाही जेवू देऊ नये. सोबत जेवावं, बोलावं दुसऱ्याच कशाबद्दल. घरात कुणाच्याच शरीरावर शेरे नकोत, स्वतःच्याही नकोत. आईने रोज "मी किती जाड झालेय" म्हणत भात टाळला, तर मुलगी ते ऐकतेच.

उपचाराचा गाभा मुलींना ऐकायला उलटा वाटतो: विचार थांबवायचे तर नियमाने खायचं. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत पहिली पायरीच ही आहे. तीन वेळचं जेवण, मधे दोन वेळा थोडं काही, आणि दोन खाण्यांत तीन-चार तासांहून जास्त अंतर नाही. भूक लागली की नाही हे त्यावेळी विचारायचं नाही, कारण भुकेची जाण बिघडलेली असते, घड्याळ बघायचं. कोवळ्या वयाच्या मुलींसाठी लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातून पुढे आलेली कुटुंबाधारित पद्धत आहे. त्यात काही काळ जेवणाचा निर्णय आईवडील हातात घेतात, दोष कुणालाही न देता, आणि मुलगी सावरत गेली की तो तिला परत देतात. आपल्या घरांत, जिथे आजीपासून सगळे जेवणाभोवती असतात, हे नीट शिकवलं तर चांगलं जमतं असा माझा अनुभव आहे.

एका बाबतीत मात्र घरच्या घरी घाई करू नये. बरेच दिवस अत्यंत कमी खाल्लेल्या मुलीला एकदम भरपेट खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फेट धोकादायकरीत्या घसरू शकतं, हृदयाला इजा होऊ शकते. म्हणून खूप उतरलेल्या मुलीचं खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावं. बेशुद्ध पडणं, छातीत दुखणं, नाडी फार मंद होणं, वारंवार उलट्या, पाणीही न पिणं किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणं असलं, तर वाट न बघता रुग्णालय गाठावं. ॲनोरेक्सिया हा मनाच्या आजारांतला सर्वांत जीवघेण्या आजारांपैकी एक आहे.

खासगी डॉक्टर परवडत नसतील तर परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. सकाळी ओपीडीत केसपेपर काढून दाखवता येतं. मुलीसोबत कुणीतरी जावं. रांगेत बसल्यावर धीर सुटतो. आधी नुसतं बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर आहे, मराठीत बोलता येतं.

नियमाने खायला लागल्यावर पहिले काही आठवडे अवघड जातात. पोट फुगतं, अपराधी वाटतं, आणि काही जणींना खाण्याचे विचार कमी होण्याऐवजी आधी वाढल्यासारखे वाटतात. हे आधीच सांगून ठेवलं नाही तर मुलगी घाबरून सोडून देते. शरीर आधी सावरतं, मेंदू मागून येतो. मिनेसोटातल्या त्या पुरुषांनाही कित्येक महिने लागले होते. म्हणून वजन ठीक झालं, पाळी सुरू झाली, एवढ्यावर उपचार थांबवू नयेत; तीन तासांचं लेक्चर तिने मधेच डब्याचा हिशेब न करता ऐकलं का, हे पुढच्या भेटीतही विचारत राहावं.